घरातील विजेचा भार

जून महिन्यातील दिल्लीची रात्र. दिवसभर लू वाहून गेलेली असते, सूर्य मावळून दोन-तीन तास झालेले असतात, तरी भिंतींतील ऊन अजून निवलेले नसते. रोहिणीतील किंवा द्वारकेतील एखाद्या घरात दोन खोल्यांतून दोन एसी चालू आहेत आणि तिसऱ्या खोलीत कोणी उद्या कचेरीत घालावयाच्या सदऱ्याला इस्त्री करीत आहे. अर्धा तास सारे सुरळीत चालते. मग दरवाजाजवळच्या पेटीत ‘खट्’ असा आवाज होतो आणि अर्धे घर अंधारात बुडते. ‘लाईट गेली’ असे कोणी म्हणते. परंतु खिडकीतून पाहावे तो शेजाऱ्यांचे दिवे लखलखत असतात. वीज गेलेली नसते. घरातील खटका पडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी वायरमन येतो. तो पेटी उघडतो, खटका वर करून पाहतो आणि एक सोपा उपाय सुचवितो : सोळाचा काढून बत्तिसाचा बसवू, म्हणजे पुन्हा कटकट नको. खर्च थोडा, काम दहा मिनिटांचे आणि त्रास कायमचा संपणार. घरमालक बहुधा मान डोलावतो. वस्तुतः त्या घराच्या सुरक्षिततेविषयीचा एक महत्त्वाचा निर्णय या क्षणी घेतला जात असतो. पण तो घेणाऱ्यास त्याची जाणीवही नसते. सोळा हा आकडा कोणी ठरविला, कशासाठी ठरविला आणि तो खटका कोणाचे रक्षण करीत होता, या तीन प्रश्नांची उत्तरे ठाऊक असल्याखेरीज हा निर्णय घेता कामा नये.

दिल्लीत वीज आली ती १९०५ साली. जॉन फ्लेमिंग या इंग्रज कंपनीस परवाना मिळाला आणि डिझेलवर चालणारे पहिले वीजघर उभे राहिले. पुढे व्यवस्था अनेकदा बदलली. १९५१ मध्ये राज्य विद्युत मंडळ आले. त्यानंतर महानगरपालिकेच्या अखत्यारीतील आणि जुन्या दिल्लीकरांच्या तोंडी ‘देसू’ या नावाने रुळलेला उपक्रम आला. १९९७ मध्ये दिल्ली विद्युत बोर्ड स्थापन झाले. आणि जुलै २००२ पासून शहराच्या बहुतेक भागातील वितरण खासगी भागीदारीतील कंपन्यांकडे गेले. एवढ्या काळात नगराची भूक किती वाढली याची कल्पना एकाच आकड्यावरून यावी. १९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॅटपर्यंत चढली.

ही वाढ घराघरांतून झाली, हे विसरून चालणार नाही. १९५० च्या दशकात विनयनगर, म्हणजे पुढचे सरोजिनीनगर, यांसारख्या सरकारी वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हाच्या एखाद्या बिऱ्हाडाचा हिशेब मांडून पाहावा. साठ वॅटचे पाच दिवे, दोन पंखे आणि झडपांचा एक रेडिओ. सगळे एकाच वेळी चालविले तरी पाचशे वॅटच्या आसपास भार. आज तेवढ्याच जागेत राहणारे कुटुंब एक एसी लावते, तो एकटाच सुमारे सोळाशे वॅट घेतो. हिवाळ्यात त्याची जागा गीझर आणि हीटर घेतात. दिव्यांनी मात्र आपली भूक आश्चर्यकारक रीतीने कमी केली आहे. साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका प्रकाश आता नऊ वॅटचा एलईडी देतो. पण दिव्यांनी वाचविले त्याच्या कितीतरी पट उष्णता व शीतलता निर्माण करणाऱ्या यंत्रांनी मागून घेतले. घर मात्र बऱ्याच ठिकाणी तेच राहिले आणि भिंतीतील तारही तीच राहिली.

आता थोडे अंकगणित करणे अवश्य आहे. ते पाचवीतील मुलासही यावे इतके सोपे आहे. आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते. पाण्याच्या टाकीची उपमा घेतली तर व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे नळातून वाहणारा प्रवाह आणि वॅट म्हणजे त्या प्रवाहाकडून दर क्षणी होणारे काम. उपकरणाच्या पाठीवर किंवा तळाशी त्याचे वॅट छापलेले असतात. त्यांना २३० ने भागले की ते उपकरण साधारण किती अँपिअर प्रवाह ओढील हे कळते. हजार वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर, दीड हजार वॅटची किटली किंवा पाण्यात बुडविण्याची कांडी ६.५ अँपिअर, दोन हजार वॅटचा हीटर अथवा गीझर ८.७ अँपिअर, तीन हजार वॅटचा झटपट पाणी तापविणारा गीझर १३ अँपिअर, आणि दीड टनाचा एसी सुमारे ७ अँपिअर. पंचाहत्तर वॅटचा पंखा मात्र अँपिअरचा एक-तृतीयांशच घेतो. यावरून ध्यानात यावे की घरातील भार उपकरणांच्या संख्येवरून मोजता येत नाही. वीस दिवे आणि चार पंखे यांच्यापेक्षा एक किटली भारी असू शकते.

प्रवाहाचे आकडे कळले, पण त्यांना मर्यादा का असावी? याचे उत्तर उष्णतेत आहे. तार कितीही उत्तम असली तरी ती विजेच्या प्रवाहास थोडा तरी विरोध करतेच. त्या विरोधास रोध असे म्हणतात. या रोधाचा नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ मध्ये मांडला आणि रोधातून जाणारा प्रवाह किती उष्णता उत्पन्न करतो हे इंग्रज शास्त्रज्ञ जूल याने १८४१ मध्ये दाखवून दिले. जूलचा नियम गृहस्थाने कायमचा लक्षात ठेवावा असा आहे : उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते; प्रवाह तिप्पट झाला तर नऊपट. जरासा भार वाढला तर जराशीच उष्णता वाढेल, असे जे सामान्यतः गृहीत धरले जाते ते खरे नव्हे. हा एकच समज पुष्कळ अनर्थांच्या मुळाशी आहे.

भिंतीतील तारेवर पीव्हीसीचे आवरण असते. हे आवरण सर्वसाधारणपणे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. त्यापुढे ते मऊ होऊ लागते, वर्षानुवर्षे तापत राहिल्यास ठिसूळ होते आणि शेवटी त्यास भेगा पडतात. म्हणून तारेची मर्यादा ठरविताना भोवतालची हवा ४० अंशांची आहे असे धरून, तार ७० अंशांच्या वर जाणार नाही इतकाच प्रवाह तिला नेमून दिलेला असतो. भिंतीतील नळीतून गेलेल्या दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेस साधारण १४ अँपिअर, अडीचच्या तारेस २० च्या आसपास, चारच्या तारेस २५ च्या आसपास, असे स्थूल मान आहे. परंतु दिल्लीच्या उन्हाळ्यात हवा ४५ अंशांच्या वर जाते आणि पश्चिमेकडील भिंतीच्या आत किंवा गच्चीखालच्या नळीत पारा ५० वर सहज पोहोचतो. तेथे तारेला तापण्यास मुभा तीस अंशांऐवजी वीसच अंशांची उरते. परिणामी तिची क्षमता जवळजवळ एक-पंचमांशाने घटते. ज्या ऋतूत तार सर्वांत दुर्बळ असते त्याच ऋतूत तिच्यावर सर्वांत मोठा भार पडतो, ही दिल्लीची विशेष अडचण आहे.

विजेचा प्रवाह घरात शिरल्यापासून उपकरणापर्यंत चार टप्पे ओलांडतो आणि प्रत्येक टप्प्याची मर्यादा निराळी असते. पहिला टप्पा मीटरचा. वीज कंपनीने प्रत्येक घरास काही मंजूर भार दिलेला असतो व तो बिलावर किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तीन किलोवॅट मंजूर भार म्हणजे साऱ्या घरास मिळून सुमारे १३ अँपिअर. एक एसी आणि एक गीझर एकत्र चालले की ही रेघ ओलांडली जाते. तरी दिवे जात नाहीत. मीटर मुकाट्याने कमाल मागणीची नोंद करतो आणि दिल्लीत अशा नोंदींच्या सलग चार महिन्यांच्या सरासरीवरून पुढे मंजूर भारात फेरफार होतो. भार वाढल्याची सूचना आली की स्थिर आकार वाढणार म्हणून पुष्कळ जण रागावतात. परंतु गल्लीतील ट्रान्सफॉर्मर किती मोठा असावा याचा अंदाज या आकड्यांवरूनच बांधला जातो. सर्वांनी भार दडविला तर जूनमधील रात्री ट्रान्सफॉर्मर जळतो आणि सगळी गल्ली अंधारात बसते. गुरुग्राम व नोएडा येथील उंच इमारतींत आणखी एक रेघ असते. वीज जाऊन जनरेटर सुरू झाला की प्रत्येक घराचा वाटा ठराविक किलोवॅटचाच असतो आणि तो ओलांडताच त्या घराचा पुरवठा आपोआप तुटतो.

दुसरा टप्पा परिपथाचा, म्हणजे सर्किटचा. पेटीतील प्रत्येक खटक्यातून एक परिपथ निघतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचा दंडक असा आहे की दिव्यापंख्यांच्या एका परिपथावर दहापेक्षा अधिक जागा अथवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा आणि घरातील पॉवरच्या एका परिपथावर मोठी सॉकेटे दोनपेक्षा अधिक नसावीत. हा दंडक पाळलेल्या घरात प्रत्येक जड उपकरणास जवळजवळ स्वतंत्र वाट मिळते. प्रत्यक्षात मात्र खोल्या वाढविताना, गॅलरी बंद करून तेथे स्वयंपाकघर करताना, जुन्याच तारेस नवी तार जोडून काम उरकले जाते. पेटीत खटके सहा आणि घरात पॉवरची सॉकेटे बारा, असा प्रकार पुष्कळदा आढळतो.

येथे पहिल्या प्रश्नांची उत्तरे मिळतात. सोळा हा आकडा तारेच्या क्षमतेवरून ठरलेला असतो आणि पेटीतील एमसीबी भिंतीतील तारेचे रक्षण करीत असतो. त्याच्या पोटात दोन धातूंची एक जोडपट्टी असते. प्रवाह वाढला की ती तापून वाकते व खटका पाडते. शॉर्ट सर्किटसारखा अचानक लोंढा आला तर त्यासाठी निराळे चुंबक असते व ते क्षणार्धात काम करते. जोडपट्टी मात्र सावकाश चालणारी आहे. प्रमाणित कसोटीनुसार १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तासभर पडत नाही. २३ अँपिअरच्या थोडे पुढे गेल्यावर तो तासाच्या आत पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो केव्हा पडेल हे पेटी किती तापली आहे यावर अवलंबून राहते. दोन एसींचे १४ अँपिअर आणि इस्त्रीचे सवाचार मिळून सव्वाअठरा होतात. म्हणूनच त्या घरात वीज लागलीच न तुटता अर्ध्या तासाने तुटली. खटका बिघडलेला नव्हता. तो आपले काम चोख करीत होता.

आता त्याच्या जागी बत्तिसाचा बसविला तर काय होईल? तार अडीचचीच आहे, तिची क्षमता वीसच्या आसपास. तिच्यातून तीस अँपिअर वाहू लागले तरी नवा खटका जागचा हलणार नाही, कारण त्याच्या मते तीस हा आकडा मर्यादेच्या आतच आहे. तारेत मात्र उष्णता नेमलेल्या प्रमाणाच्या सव्वादोन पट होईल आणि हे सारे गिलाव्याखाली, कोणाच्या दृष्टीस न पडता घडत राहील. जुन्या काळी फ्यूजमध्ये तारेचे दोन पदर घालण्याची किंवा त्यात चंदेरी कागद गुंडाळण्याची खोड होती. बत्तिसाचा एमसीबी ही त्याच खोडीची नवी, नीटनेटकी आवृत्ती आहे. पहारेकरी ओरडतो म्हणून त्याला काढून बहिरा पहारेकरी नेमावा, त्यातला हा प्रकार.

तिसरा टप्पा सॉकेटचा. तीन गोल पिनांचे आपले प्लग १९३४ च्या ब्रिटिश मानकातून आलेले आहेत. तेव्हाची पाच व पंधरा अँपिअरची जोडी आज भारतीय मानकात सहा व सोळा अँपिअरची झाली आहे. मोठ्या प्लगच्या पिना जाड केलेल्या आहेत त्या लहान सॉकेटमध्ये जाऊ नयेत म्हणून. ती जाडी हीच एक सूचना आहे. परंतु बाजारात काही रुपयांत असा जोडप्लग मिळतो की त्यात मोठा प्लग खोचून तो लहान सॉकेटमध्ये बसविता येतो. जानेवारीतील थंडीत दोन हजार वॅटचा हीटर अशा रीतीने निजावयाच्या खोलीतील लहान सॉकेटला लावला जातो. सहा अँपिअरच्या जागी पावणेनऊ वाहतात आणि सॉकेटच्या पत्र्यांत दुपटीहून अधिक उष्णता उत्पन्न होते. त्या परिपथावरील खटका दहाचा किंवा सोळाचा असल्याने तो पडत नाही. एमसीबी तारेचा राखणदार आहे, सॉकेटचा नव्हे, हे येथे स्पष्ट होते. एक्स्टेन्शन बोर्डाची गोष्ट तीच. त्यावर सॉकेटे चार असली तरी त्याची बारीक दोरी एकच असते आणि ती गालिच्याखाली किंवा गादीखाली दबली असेल तर उष्णतेस बाहेर पडण्यास वाटही राहत नाही.

चौथा टप्पा सांध्यांचा. तो सर्वांत उपेक्षित आणि म्हणून सर्वांत घातक असतो. सॉकेटच्या मागील स्क्रू सैल झाला, प्लगची पिन ढिली बसली किंवा तार नुसतीच पिळून जोडली, तर त्या बिंदूपाशी रोध वाढतो. अवघा ०.२ ओहम रोध आणि हीटरचे ८.७ अँपिअर, एवढ्यावरून पंधरा वॅट उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत साठू लागते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील, कथील वितळविणारी सोल्डरिंगची कांडी पंचवीस वॅटची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पंधरा वॅट म्हणजे काय ते कळते. शिवाय सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. त्यामुळे कोणताही एमसीबी त्याची दखल घेत नाही. तांब्याच्या टंचाईमुळे १९६० नंतरच्या काळात आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या तारा पुष्कळ वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबते व हवेने त्यावर न वाहक असा थर धरतो. म्हणून त्या काळच्या घरांतील सांधे विशेष तपासावयास हवेत.

सैल सांधा केवढा अनर्थ करू शकतो याचे दुःखद स्मरण दिल्लीस आहे. १३ जून १९९७ रोजी ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहात आग लागली. तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मर त्याच दिवशी सकाळी बिघडला होता व त्याची दुरुस्ती झाली होती. केबलचे टोक पक्के आवळण्याचे यंत्र न वापरता ते ठोकून बसविण्यात आले होते, असे न्यायालयापुढील वृत्तांतात नमूद आहे. तिसऱ्या प्रहरी खेळ चालू असताना सांध्यापाशी ठिणग्या उडाल्या, केबल सुटली, ट्रान्सफॉर्मरच्या पंखास भोक पडून तेल गळले आणि पेटले. धूर वरच्या बाल्कनीत शिरला. बाहेर पडण्याचे मार्ग अडलेले होते. ५९ माणसे प्राणास मुकली. त्या मृत्यूंना कारणे अनेक होती व त्यांची चर्चा न्यायालयांत वर्षानुवर्षे झाली. परंतु आरंभ झाला तो नीट न आवळलेल्या एका सांध्यापासून. ट्रान्सफॉर्मर आणि घरातील सॉकेट यांच्या आकारात महदंतर असले तरी सांध्यास लागू होणारा निसर्गनियम एकच आहे.

या चार टप्प्यांचा अर्थ इतकाच की साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुर्बळ कडीएवढे असते. मीटर पाच किलोवॅटचा असला म्हणून सहा अँपिअरचे सॉकेट बारा अँपिअर सोसू शकत नाही. आणि सॉकेट सोळाचे बसविले म्हणून मागची दीडची तार जाड होत नाही. एखादी कडी बदलावयाची तर तिच्या मागची व पुढची कडी पाहूनच बदलली पाहिजे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. अलीकडे पेटीत आरसीसीबी नावाचे उपकरण बसवितात. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असते व जमिनीत झिरपणारा प्रवाह ओळखून माणसास विजेच्या धक्क्यापासून वाचविते. ते अवश्य असावे. परंतु अतिभाराशी त्याचा संबंध नाही. एमसीबी तार राखतो, आरसीसीबी माणूस राखतो. एकाचे काम दुसरा करीत नाही, आणि चांगले अर्थिंग नसेल तर दोहोंच्या असण्याचा पुरता लाभ मिळत नाही.

उपाय कठीण नाहीत. उन्हाळा व हिवाळा सुरू होण्यापूर्वी एकदा कागद घेऊन कोणत्या खटक्यावर कोणती सॉकेटे आहेत याची यादी करावी. एक खटका पाडून घरात काय बंद पडते हे पाहिले की ती आपोआप तयार होते. प्रत्येक खटक्याखालील उपकरणांचे वॅट मांडून बेरजेस २३० ने भागावे व जो आकडा येईल तो खटक्याच्या आकड्याच्या चार-पंचमांशाहून अधिक होऊ देऊ नये. एसी, गीझर, हीटर ही भिंतीतील मोठ्या सॉकेटलाच लावावीत, एक्स्टेन्शन बोर्डाला कधीही लावू नयेत. अर्धा तास चाललेल्या उपकरणाचे बटण बंद करून कोरड्या हाताने प्लगला स्पर्श करावा. तो चटका देण्याइतका तापलेला असेल, सॉकेटच्या भोवती तपकिरी डाग असेल, जळका वास येत असेल किंवा दिवा कारणावाचून फडफडत असेल, तर ते सॉकेट त्याच दिवशी बदलून घ्यावे. भार खरोखर वाढला असेल तर परवानाधारक माणसाकडून पेटीपासून नवी, चार चौरस मिलिमीटरची तार टाकून स्वतंत्र परिपथ करून घ्यावा व मंजूर भारही वाढवून घ्यावा. आणि कधी आग लागलीच, तर प्रथम मेन स्विच बंद करावा. विजेच्या आगीवर पाणी ओतू नये. १०१ वर कळवावे व सर्वांना बाहेर काढावे.

रोहिणीतील त्या घरात वायरमन अजून उत्तराची वाट पाहत उभा आहे. सोळाच्या जागी बत्तिसाचा बसवू का, असे तो विचारतो. याला योग्य उत्तर एका प्रश्नाचेच आहे : मागची तार किती जाडीची आहे? हा प्रश्न विचारणारा गृहस्थ वीजशास्त्राचा पंडित असण्याची गरज नाही. ती तार सोळाचीच असेल तर सोळाचाच खटका राहू द्यावा, दुसऱ्या एसीसाठी निराळी तार ओढून घ्यावी, आणि तोवर सदऱ्याची इस्त्री सकाळी, एसी बंद झाल्यावर करावी. घरात नवी तार पडेपर्यंत चार रात्री थोडी गैरसोय होईल. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मुले निजलेली असतात. त्यांच्या झोपेपुढे ही गैरसोय फार मोठी नाही.